ताटाच्या कडेची तिरफळं

प्रिय रेवा आणि ईशान,

परवा फोनवर बोलताना माझ्यामागे वर्तमानपत्रावर पसरलेले हिरवे-तपकिरी मणी रेवाला दिसले आणि तिने विचारलं, "आजी, तू माळ करतेयस का?" मी सांगणार, तेवढ्यात ईशानने त्याची काळजी पुढे केली. नाताळात तुम्ही मालवणला येणार. "आजी, तिथे सगळं तिखट असतं ना? माझं तोंड जळलं तर?" तुमची आई मागून म्हणाली, "आजी तुला वरणभात देईल, घाबरू नकोस." मग तुमची शाळेची वेळ झाली आणि फोन संपला. दोघांच्या प्रश्नांना उत्तर एकच आहे हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं. ते उत्तर लांब आहे, म्हणून लिहून पाठवते. तुमची आई वाचून दाखवेल. वाचताना ती कुठे थांबली, तर तुम्हीही थोडं थांबा.

ते मणी म्हणजे तिरफळं. भाद्रपद सरत आला की इथल्या बाजारात त्यांचे हिरवे घोस येतात. काटेरी झाडावरून काढायचे, म्हणून विकणाऱ्या बायकांच्या हातांवर बारीक ओरखडे असतात. घोस हातात घेतला की संत्र्याच्या सालीसारखा वास येतो, आणि त्यामागून आणखी एक, जंगलातला, ज्याला मी नाव देऊ शकत नाही. चार दिवस उन्हात ठेवली की फळं उकलतात, आतली काळी चकचकीत बी बाहेर डोकावते. ती टाकून द्यायची आणि साल ठेवायची. याच दिवसांत होड्या समुद्रात पुन्हा रुळलेल्या असतात, बाजारात बांगड्यांचे ढीग लागतात, गावाबाहेर भात पिवळं पडू लागतं. दुपारचं ऊन पावसानंतर पहिल्यांदाच अंगाला चावतं. इथल्या लोकांना हा हंगाम आवडतो. मला तो अनेक वर्षं नुसता घाबरवत आला. अजूनही तिरफळांचा वास आला की माझा हात आपोआप ओठाकडे जातो.

भीतीची सुरुवात इथली नाही. ती आमच्या जुन्या गावातली, देशावरची. आजोबा सकाळी चहा पीत होते. चहा त्यांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून खाली आला, शर्टावर सांडला, आणि ते जरा नवलाने म्हणाले, "अगं, माझा ओठ झोपला." मला हसू आलं होतं. हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. हसत हसत मी फडकं आणायला आत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातातून कप पडला होता. पक्षाघाताचा झटका होता. लहान होता, वेळेवर दवाखाना मिळाला, ते बरे झाले. डावा पाय किंचित ओढत चालायचे, एवढीच खूण उरली. पण ते फडकं आणायला गेलेले दोन क्षण माझ्या हिशेबी अजून संपलेले नाहीत.

त्यानंतर मी एक वही केली. तुम्हाला माझ्या वह्या माहीत आहेत, रेवा त्यांना "आजीचं सरकार" म्हणते. मी डोंगरावरच्या एका बोर्डिंग शाळेत इंग्रजीतून शिकले. तिथे दिवसाचे तुकडे घंटेने पाडलेले असत. जेवणात पांढरं स्टू, उकडलेला बटाटा, मिरपुडीची चिमूट. आमच्या मेट्रनबाई पाठीमागून फिरत आणि ताटात काही उरलं तर खुर्चीवरून उठू देत नसत. पुढे मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण त्या शाळेतून खरं काय घेऊन आले असेन, तर दोन गोष्टी. सगळं लिहून ठेवायचं, आणि ताटात काही टाकायचं नाही.

वहीत मीठ किती, तेल किती, गोळी कधी, सगळं होतं. तिखट बंद, हेही होतं. आणि रोज सकाळी एक परीक्षा होती. डॉक्टरांनी शिकवलेली. हसून दाखवा, दोन्ही हात वर करा, एक वाक्य म्हणा. चेहरा वाकडा होतो का, हात खाली येतो का, शब्द अडखळतात का, ते मी बघायची. वाक्य मी ठरवायची, वार घालून, म्हणजे स्मरणशक्तीही कळावी. पुढे इथे आल्यावर त्यात समुद्रही आला. "आज बुधवार आहे आणि समुद्र शांत आहे." आजोबा हात वर करून, दात दाखवून म्हणायचे, "आज बुधवार आहे आणि समुद्र शांत आहे, बायको अशांत आहे." मी वहीत बरोबरची खूण करायची. मला विनोद ऐकू यायचा नाही, फक्त उच्चार ऐकू यायचे.

तरी आम्ही मालवणला आलो. निवृत्तीनंतर समुद्राजवळ राहायचं हे त्यांनी आजाराआधीच ठरवलेलं होतं, आणि ते ठरवलेलं सोडत नसत. तुमच्या आईने फोनवर खूप विरोध केला. माझी भीती तिच्याहून मोठी होती, पण मी ती नकाशात घालून आवरली. इथून कुडाळ, कुडाळहून महामार्ग, बांदा, बांद्यापुढे गोव्याची हद्द, मग मोठं इस्पितळ. प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं लागतात ते मी भाड्याची गाडी करून, घड्याळ लावून पाहिलं होतं. तो कागद माझ्या पर्समध्ये असे. आजोबा म्हणायचे, "बांद्यापर्यंत टिकेन गं मी. पुढचं गोव्याचं गोवा बघेल."

पहिले काही महिने आम्ही घराबाहेर काही खाल्लं नाही. शेजारणीने पेढे दिले तरी मी आधी विचारायची, कधीचे आहेत. संध्याकाळी बंदराकडे फिरायला जायचो तेव्हा वाटेत शालनची खानावळ लागायची. कौलारू पडवी, चार बाकं, दारात तुळस, आणि आतून येणारा वाटणाचा वास. मिरची, धणे आणि खोबरं भाजलं जात असे तेव्हा आम्हाला रस्त्यावरही शिंका यायच्या. आजोबांची चाल तिथे मंद व्हायची. पाय दुखतोय म्हणून नव्हे, हे मला कळायचं, पण मी विचारायची, "पाय दुखतोय का?" ते म्हणायचे, "हो, जरा." आणि आम्ही त्या वासात उभे राहायचो.

मग एका भाद्रपदात, त्यांच्या वाढदिवसाला, मी विचारलं काय हवं. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "त्या बाईच्या हातचं जेवायचंय. एकदाच. बाकी तुझी वही."

बुधवार होता. आम्ही बरोबर साडेबाराला गेलो, कारण वहीत जेवणाची वेळ साडेबारा होती. शालन तेव्हा चाळिशीची असेल, ठेंगणी, कपाळावर घाम, पदर कमरेला. तिने आम्हाला रोज रस्त्यावर उभं राहिलेलं पाहिलं असणार.

"इलात काय शेवटी," ती म्हणाली. "बसा. आज बांगडो आसा, एकदम ताजो. तिखला केलंय."

"तिखट कमी करता येईल का?" मी विचारलं.

"काकी, त्याचा नावच तिखला," ती म्हणाली. "तिकट कमी केलंय तर मी त्येका काय म्हणून वाढू?"

पलीकडच्या बाकावर एक म्हातारे मच्छीमार जेवत होते, ते ताटात बघूनच हसले. आजोबा तर उघडच हसले. मी पर्सला हात लावून कागद आहे ना ते पाहिलं.

ताटं आली. उकड्या तांदळाचा भात, टपोरा, लालसर. सोलकढीची वाटी. आणि बांगड्याचं तिखलं, दाट, विटेच्या रंगाचं, वर तेलाचा तवंग, त्यात तिरफळं अर्धवट बुडालेली, मला वाटलं मिरी असतील. मी आधी चमच्याने चाखलं, मीठ बघायला. मीठ ठीक होतं. मग तिखट आलं. आधी ते जिभेवर आलंच नाही, कानांत आलं. मग घशात, मग डोळ्यांत. बोर्डिंगच्या पांढऱ्या स्टूपासून त्या दिवसापर्यंतचं माझं सगळं जेवण जणू पाण्यात बुडवून काढलेलं होतं आणि हे पहिलंच कोरडं. मला घाम फुटला, छाती धडधडू लागली. ही सगळी लक्षणं मला ओळखीची होती. भीतीचीही हीच आहेत. म्हणून मला त्या वेळी कळेना, मला तिखट लागतंय की मी घाबरलेय.

आजोबांकडे पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते सुखाने जेवत होते. वर्षभरात मी त्यांना असं जेवताना पाहिलं नव्हतं. भात कालवत होते, काटे निगुतीने काढत होते, बोटं चाटत होते. "नीट चावा," मी म्हणाले. "ताटात काही टाकू नका." हे मी त्यांना रोजच म्हणायची. ते रोजच ऐकायचे.

जेवण संपत आलं होतं. त्यांनी सोलकढीची वाटी उचलली, ओठाला लावली, पुन्हा खाली ठेवली. ओठावरून हात फिरवला. आणि जरा नवलाने म्हणाले,

"अगं, माझा ओठ झोपला."

तेच शब्द. तोच आवाज. मुलांनो, मी भित्री आहे हे तुम्हाला माहीत आहे, मी झुरळाला घाबरते, विमानाला घाबरते. पण ती भीती आणि ही भीती यांत काही नातं नाही. या भीतीत आवाज नसतो. पडवी होती, बाकं होती, चुलीवर काहीतरी चरचरत होतं, आणि मला यातलं काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त त्यांचा खालचा ओठ दिसत होता.

"हसा," मी म्हणाले.

ते हसले. चेहरा सरळ होता की नव्हता? डोळ्यांत पाणी असल्यामुळे मला ठरवता येईना. ते पाणी मिरचीचं की माझं, तेही.

"हात वर करा."

त्यांनी दोन्ही हात वर केले. उजव्या हाताला रस्सा लागलेला होता, तो मनगटावरून कोपराकडे ओघळत गेला.

"वाक्य म्हणा."

"आज वुधवार आहे," ते म्हणाले. थांबले. पुन्हा प्रयत्न केला. "वुध... अगं, जीभही जड झालीय."

मी उठले. बाक मागे पडलं. पर्समधला कागद काढला आणि मला तो वाचता येईना, माझंच अक्षर. "रिक्षा," मी म्हणाले, "गाडी, कुणीतरी गाडी बोलवा, यांना गोव्याला न्यायचंय." पलीकडचे म्हातारे हात न धुताच रस्त्याकडे धावले. आजोबा हात वर करूनच बसले होते, कारण मी खाली करा असं म्हणाले नव्हते.

शालन हातात डाव घेऊन बाहेर आली. तिने आजोबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिची नजर खाली ताटावर गेली. मी तिच्यावर ओरडणार होते की ताटाकडे काय बघतेस. ती शांतपणे म्हणाली,

"काकांनू, तिरफळां खंय?"

"काय?"

"ताटात काटो आसा, कडीपत्तो पण नाय उरलो. तिरफळां खंय गेली?"

"ते मणी ना? खाल्ले," आजोबा म्हणाले. "कडू होते. पण ताटात काही टाकायचं नाही, अशी आज्ञा आहे."

"सगळी?"

"सगळी. चावून."

शालनने डाव कपाळाला लावला. "अवो, ती खावची नसतत. ती बाजूक काढूची असतत. नुसतो वास घेवचो त्येंचो. चावलात तर तोंड असा मुंग्या येवन बधिर होता. माका काय म्हायत, तुमी ताट धुतल्यासारखा करून ठेवतलास."

आतून तिच्या सासूचा आवाज आला, "काय झाला गो?"

"पाव्हण्यांनी तिरफळां चावून खाल्ली."

"खंयचे ते?"

"देशावरचे."

"मगे बरोबर," आतला आवाज म्हणाला आणि चुलीकडे परतला.

मला त्या दोघींचा थट्टेचा सूर सहन होईना. मी म्हणाले, तुम्हाला माहीत नाही, त्यांना एकदा झटका येऊन गेलाय, हे असंच सुरू झालं होतं, हेच शब्द होते. तेव्हा शालन गंभीर झाली. माझ्याजवळ आली. माझ्याही ताटाकडे तिने पाहिलं, तेही स्वच्छ होतं.

"काकी, तुमचो ओठ कसो आसा?"

मी ओठाला हात लावला. बोट लागलं ते बोटाला कळलं, ओठाला कळलं नाही. जीभ टाळ्याला लावली, तिथे हजार मुंग्या चालत होत्या. किती वेळ चालत होत्या कोण जाणे. माझं अर्धं तोंड माझ्याजवळ नव्हतं आणि मला त्याची खबरच नव्हती, कारण मी सगळी दुसऱ्याच्या तोंडाकडे लागलेली होते.

"घाबरा नको," ती म्हणाली. "दोघांका एकदम कसो येतलो झटको? घटकाभरान जाता. पण दाक्तराक दाखवा, तुमच्या मनाक बरा वाटात." आणि आजोबांना, "काकांनू, हात खाली करा आता."

रिक्षा आलीच होती, म्हणून आम्ही गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट तपासलं, टॉर्च मारला, हात दाबायला लावले, चालायला लावलं. मग विचारलं, "कुठे जेवलात?" मी सांगितल्यावर ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे. "आलात ते बरंच केलंत," ते म्हणाले. "अशा वेळी घरी बसून अंदाज करत राहायचं नसतं." आजोबांचा रक्तदाब नीट होता. माझा चढलेला निघाला. मग त्यांनी माझी वही चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिखट बंद. "हे कुणी सांगितलं?"

 ते कुणीच सांगितलेलं नव्हतं. मीठ, तेल, तंबाखू हे सांगितलेलं होतं. तिखट मी घातलं होतं. मला भीती वाटत होती आणि यादी पुरेशी लांब वाटत नव्हती, म्हणून.

आजोबा तोपर्यंत पूर्ववत बोलू लागले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, आज बुधवार आहे." ब अगदी स्वच्छ होता.

पुढच्या बुधवारी आम्ही पुन्हा गेलो. मला वाटत होतं मी जाणार नाही, पण साडेबारा वाजले आणि ते चप्पल घालून दारात उभे होते. शालनने तिखल्यात मीठ कमी घातलं होतं, तिखट तेवढंच. ती आमच्यासमोर उभी राहिली आणि आम्हाला शिकवलं, जसं मी मुलांना क्रियापदं शिकवायची. तिरफळ रश्शात येतं, त्याला हात लावायचा, उचलायचं, ताटाच्या कडेला ठेवायचं. फेकायचं नाही, घाबरायचं नाही, चावायचं नाही. ते तिथे होतं म्हणून रश्शाला चव आली. त्याचं काम झालं. आता त्याला कडेला बसू दे.

मी साठ वर्षं ताट स्वच्छ करत आले होते. जे समोर येईल ते सगळं चावून गिळायचं, याला मी शिस्त समजत होते. आजोबांच्या आजारानंतर तर मी भीतीसुद्धा तशीच जेवले, एकही दाणा न टाकता. त्या बुधवारी मी पहिल्यांदा काहीतरी ताटात ठेवून उठले. कडेला सहा तिरफळं होती. मेट्रनबाई मागे उभ्या आहेत असं वाटून मी एकदा वळून पाहिलं.

भीती गेली असं मी लिहिणार नाही. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुम्हाला कळेल की असं लिहिणारी माणसं खोटं बोलतात. सकाळची परीक्षा चालू राहिली, पर्समधला कागदही राहिला. रात्रभराच्या झोपेनंतर ते डोळे उघडत त्याआधीचे काही क्षण मी श्वास धरून असायची, ते तसंच राहिलं. फक्त "बायको अशांत आहे" हे मला आता ऐकू येऊ लागलं, आणि कधीकधी हसूही यायचं. चार वर्षं आम्ही बुधवारी खानावळीत जेवलो. त्यांना बांगडा आवडायचा, मला हळूहळू तारली मासळी आवडू लागली. माझं नाक गळायचं आणि ते मला रुमाल द्यायचे. बाकावर आमच्या जागा ठरून गेल्या होत्या.

ते गेले तेही याच हंगामात. पण ज्याची मी पाच वर्षं वाट पाहत होते तशी कुठलीच खूण न देता. ओठ झोपला नाही, हात खाली आला नाही, वाक्य अडखळलं नाही. सकाळी वहीत बरोबरची खूण केली होती. दुपारी ते पडवीत तिरफळं निवडत बसले होते, काळी बी एका वाटीत, साल दुसऱ्या वाटीत, आणि मी आत होते. बाहेर आले तर ते भिंतीला टेकून होते. बी सांडलेली नव्हती. वाट्या दोन्ही सरळ होत्या.

मी कागद काढला नाही. त्या कागदाची वेळ होऊन गेली होती.

ईशान, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, तोंड जळेल. आधी कानात कळेल, मग डोळ्यांत पाणी येईल, आणि छाती धडधडेल. सोलकढी प्यायली की उतरेल. तिरफळं कशी काढायची ते मी तुला शेजारी बसून दाखवीन. आणि तुला वरणभातच हवा असेल, तर तोही करीन.

शालनची खानावळ आहे. बाकं आता सहा झाली आहेत, पण भिंतीजवळचं आमचं तिथेच आहे. मी बुधवारी साडेबाराला जाते. आजोबांनी त्या दिवशी निवडलेली तिरफळं मी वेगळ्या बाटलीत ठेवली आहेत, तीन वर्षं झाली, वास थोडा कमी झालाय पण आहे. यंदाची वर्तमानपत्रावर वाळत आहेत. उद्या बरणीत भरीन. तुम्ही याल तेव्हा पुरतील.

तुमची,
आजी